उन्हातून आत, आतून उन्हात: डोळ्यातलं कॅल्शियम काय करतं ते घरीच तपासा

उन्हातून घरात आलं की काही दिसत नाही आणि घरातून उन्हात गेलं की डोळे दिपतात. दोन्ही वेळा आपण एकच म्हणतो, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. घड्याळ लावून बघितलं तर मात्र या दोन वेगळ्याच गोष्टी निघतात. उन्हात गेल्यावर डोळा काही सेकंदांत सावरतो. भर उन्हातून खऱ्या अंधारात शिरल्यावर पूर्ण सावरायला अर्धा तासही लागतो. पहिल्या कामात कॅल्शियमचा मोठा हात असतो, दुसऱ्यात अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रंगद्रव्याची वाट बघावी लागते. शाळेत मात्र सगळं श्रेय बाहुलीला देऊन पुढचा धडा सुरू होतो.

खान्देशात हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, ऊन पांढरंफटक पडतं, आणि त्याच उन्हातून माणूस जाड भिंतींच्या, इवल्याशा खिडक्यांच्या धाब्याच्या घरात किंवा केळी पिकवायच्या बंद खोलीत शिरतो. पारोळा-अमळनेरकडची म्हातारी माणसं अशा वेळी चौकट धरून उंबऱ्यावरच थांबतात, "डोयासमोर अंधारी उनी", म्हणजे डोळ्यांसमोर अंधारी आली, म्हणतात. थांबतात ते योग्यच करतात. का, ते खालच्या प्रयोगांतून कळेल.

प्रयोग आठवीपासून पुढच्या मुलांना सहज जमतील, विज्ञान प्रदर्शनातही मांडता येतील. अट एकच आणि ती कडक: कुठल्याही प्रयोगात सूर्याकडे बघायचं नाही. काळ्या काचेतून नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही, क्षणभरही नाही. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी किंवा पडद्याचा आजार असलेल्यांनी प्रयोग वाचूनच समाधान मानावं.

सामान घरातलंच आहे: आरसा, टॉर्च, जाड पुठ्ठा, गोधडी शिवायची सुई, काळं सुती कापड, तेलाचा रिकामा 5 लिटरचा प्लास्टिक कॅन, ठिबकच्या नळीचा तुकडा आणि तिचा कॉक, मार्कर. फोनमध्ये प्रकाश मोजायचं एखादं फुकटचं लक्स मीटर ॲप टाकून घ्या. त्याचे आकडे अंदाजी असतात, पण आपल्याला तेवढे पुरतात.

पायरी 1: बाहुलीचा हिशेब मांडा

संध्याकाळी दिवे मंद करून आरशासमोर पाच मिनिटं बसा. मग टॉर्च बाजूने, कानशिलाकडून हळूहळू डोळ्याजवळ आणा. थेट डोळ्यात मारू नका. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली चटकन ओळखू येत नाही, बाजूचा उजेड पडला की तिची कड दिसते आणि ती आवळताना दिसते. सेकंदभरात काम आटोपतं.

आता गणित. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण 8 मिलिमीटरपर्यंत मोठी होते आणि कडक उजेडात 2 मिलिमीटरपर्यंत आवळते. व्यास चौपट घटला म्हणजे क्षेत्रफळ सोळापट घटलं. डोळ्यात जाणारा उजेड फार तर सोळाव्या हिश्शावर आला. उतारवयात बाहुली फारशी मोठी होत नाही, त्यामुळे तिथे हा फरक आणखी कमी.

मग फोन घेऊन घरात आणि अंगणात लक्स मोजा. ट्यूबलाइटच्या खोलीत 100 ते 200 लक्स, दुपारच्या थेट उन्हात 1 लाखाच्या आसपास. पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा एक लहानसा अंश भरतो, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात हजारावा हिस्सा. ताऱ्यांच्या उजेडापासून दुपारपर्यंत फरक जवळपास 10 कोटी पटींचा झाला. आणि बाहुलीकडे आहेत फक्त 16 पटी. उरलेलं कोण करतं?

पायरी 2: बाहुलीला खेळातून बाहेर काढा

हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण खर्च शून्य आणि पुरावा ठणठणीत.

पुठ्ठ्याला गोधडीच्या सुईने साधारण 1 मिलिमीटरचं गोल भोक पाडा. कडेचे धागे-तुसं जाळून किंवा घासून काढा, नाहीतर भोकात केसांसारखे आकार दिसत राहतात. बाहुली लहानात लहान 2 मिलिमीटर होते आणि आपलं भोक तिच्याहून लहान आहे. पुठ्ठा डोळ्याला अगदी भिडवून धरला की बाहुली कितीही पसरो वा आवळो, आत जाणारा उजेड भोकच ठरवणार.

खिडक्या लावलेल्या खोलीत दहा मिनिटं बसा. एक डोळा मिटा, दुसऱ्यावर पुठ्ठा धरा, दारापर्यंत या आणि भोकातून उन्हातली पांढरी वस्तू बघा. चुना दिलेली भिंत चालेल, दोरीवर वाळत घातलेलं धोतर त्याहून चांगलं, कारण त्याच्या चुण्या मोजता येतात. पहिल्या क्षणी सगळं एकसारखं पांढरं भगभगीत दिसतं. तोंडाने एक, दोन, तीन असं मोजत राहा. मोजता मोजता चुण्या दिसायला लागतात, मग त्यांची सावली, मग कापडाची वीण.

बाहेरचं ऊन तेवढंच आहे, भोक तेवढंच आहे. म्हणजे बदल झाला तो बाहुलीच्या मागे, दृष्टिपटलात.

पायरी 3: पेशीच्या आत काय घडलं ते समजून घ्या

इथे थोडं बैठक मारून वाचावं लागेल.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या मुख्य पेशी दोन प्रकारच्या. दंडपेशी अंधुक उजेडाच्या, त्या सुमारे 9 ते 12 कोटी. शंकूपेशी दिवसाच्या आणि रंगांच्या, त्या सुमारे 60 लाख. दोन्हींचा कारभार आपल्या अपेक्षेच्या उलट चालतो. आपल्याला वाटतं, उजेड पडला की पेशी कामाला लागत असेल. प्रत्यक्षात ती अंधारात चालू असते आणि उजेडात मंदावते.

अंधारात पेशीच्या बाहेरच्या टोकाच्या आवरणातल्या काही वाहिन्या उघड्या असतात. सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू त्या उघड्या धरून ठेवतो. त्यांतून सोडियम आत येतं आणि सोबत थोडं कॅल्शियमही येतं. दुसरीकडे आवरणातला एक पंप कॅल्शियम सतत बाहेर काढत असतो. दर खेपेला 4 सोडियम आत घ्यायचे आणि 1 कॅल्शियम, 1 पोटॅशियम बाहेर टाकायचा, असा त्याचा व्यवहार. आवक आणि जावक सारखी झाली की आतली पातळी ठरते. ती बाहेरच्या द्रवाच्या मानाने हजारो पटींनी कमी असते, पण तिच्या चढउतारावरच सगळं चालतं.

आता उजेड पडला. दंडपेशीतलं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रकाशकण शोषतं, त्यातल्या रेटिनलच्या रेणूचा बाक सरळ होतो, त्याने ट्रान्सड्युसिन नावाचं प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोडायएस्टरेज या विकराला चालना देतं आणि तो विकर सायक्लिक जीएमपीचा फडशा पाडतो. वाहिन्या मिटतात, पेशीतला विद्युतदाब सुमारे उणे 40 मिलिव्होल्टवरून आणखी उणे होतो, पुढच्या पेशीकडे निरोप नेणारा ग्लुटामेट हा रेणू कमी पडतो. मेंदूसाठी हाच संदेश की उजेड आला. ही साखळी इतकी तल्लख आहे की एकट्या प्रकाशकणाचीही दंडपेशी दखल घेते.

पण तल्लखपणाचा तोटा असा की थोडा जास्त उजेड आला तर सगळ्या वाहिन्या मिटून जातात. मग उजेड दुप्पट झाला काय, दसपट झाला काय, पेशीला सांगायला काही उरत नाही. धोतराच्या चुण्या दिसत नव्हत्या त्या याच जातीच्या अडचणीमुळे.

कॅल्शियमचं काम इथे सुरू होतं. वाहिन्या मिटल्या म्हणजे कॅल्शियमची आवक थांबली, पंप मात्र चालूच. आतलं कॅल्शियम झपाट्याने घटतं, कडक उजेडात दहाव्या हिश्शाच्याही खाली जातं. ही घट तीन ठिकाणी एकदम जाणवते.

पहिलं ठिकाण म्हणजे सायक्लिक जीएमपी तयार करणारा विकर, ग्वानिलेट सायक्लेज. त्याच्यावर जीकॅप नावाची प्रथिनं बसलेली असतात. कॅल्शियम भरपूर असेल तोवर ती त्याला दाबून ठेवतात, कॅल्शियम घटलं की तीच त्याला जोरात पळवतात. सायक्लिक जीएमपी पुन्हा भरून निघू लागतं आणि काही वाहिन्या परत उघडतात. माझ्या मते समजायला आणि शिकवायला हीच कडी सर्वांत महत्त्वाची, बाकीच्या दोन विसरल्या तरी चालेल.

दुसरं रिकव्हरिन नावाचं प्रथिन. ते कॅल्शियमसोबत असताना रोडॉप्सिन काइनेज या विकराला अडवून धरतं. कॅल्शियम गेलं की काइनेज मोकळा होतो, पेटलेल्या रोडॉप्सिनवर फॉस्फेट लावतो, वर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि ते रोडॉप्सिन गप्प होतं. तिसरं, वाहिन्या स्वतः. कॅल्शियम कमी असताना त्या थोड्या सायक्लिक जीएमपीवरही उघडतात. दंडपेशींत याचा वाटा लहान, शंकूपेशींत मोठा.

शंकूपेशींत कॅल्शियमची आवक आणि निकास दोन्ही जलद असतात. दिवसा आपलं बघणं त्यांच्याच जोरावर चालतं, म्हणून उन्हात डोळा इतक्या लवकर सावरतो. सगळंच कॅल्शियम करतं असं मात्र नाही. शंकूपेशींच्या पुढच्या चेतापेशीही आपापलं जुळवून घेतात आणि फार कडक उन्हात रंगद्रव्याचा काही भाग उडून गेल्यानेही पकड सैल होते.

पायरी 4: हे सगळं तेलाच्या कॅनमध्ये करून बघा

कॅनचं तोंड कापून मोठं करा. बुडाजवळ खिळा तापवून 4 मिलिमीटरचं भोक पाडा. हा पंप. वरच्या बादलीतून ठिबकची नळी कॉकसह कॅनमध्ये सोडा. कॉक म्हणजे वाहिन्या, पाणी म्हणजे कॅल्शियम. कॉक असा लावा की पाणी अर्ध्या कॅनवर स्थिर राहील. तिथे मार्करने रेघ मारून 'अंधार' लिहा. तिच्याखाली चार बोटांवर दुसरी रेघ मारा.

दोन मुलं लागतील. एकाचा हात कॉकवर, दुसऱ्याची नजर फक्त पातळीवर. "उजेड" म्हटलं की पहिल्याने कॉक पूर्ण बंद करायचा. पातळी उतरू लागते. ती खालच्या रेघेला टेकली की दुसऱ्याने "कमी झालं" असं ओरडायचं, हा जीकॅप. त्या हाकेवर पहिल्याने कॉक चतकोर उघडायचा. पाणी आता जुन्या रेघेच्या बरंच खाली, पण पुन्हा स्थिर होतं.

मुलांना इथे थांबवून विचारा: उजेड गेला का? नाही, उजेड तेवढाच आहे. मग काय कमावलं? कॉक चतकोर उघडा आहे, म्हणजे आणखी उजेड आला तर तो मिटायला जागा आहे आणि उजेड थोडा घटला तर उघडायलाही जागा आहे. जुळवून घेणं म्हणतात ते हेच. पातळी उतरली की भोकातून पाणीही हळू येतं हे चाणाक्ष मूल लगेच दाखवून देईल, आणि पेशीतला पंपही कॅल्शियम घटल्यावर मंदावतोच.

आता खरी गंमत. भोकाला बोट लावा आणि नळी कॅनबाहेर वळवा. ना आवक, ना जावक. "उजेड" म्हणा. कॉक बंद होतो, पण पातळी हलत नाही. पातळी बघणारं मूल गप्प बसून राहतं आणि कॉक बंद तो बंदच. 1988 मध्ये नेमकं हेच प्रत्यक्ष पेशींवर करून बघितलं गेलं. मॅथ्यूज, मर्फी, फेन आणि लॅम्ब यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे नाकातानी व याउ यांनी सॅलॅमँडर या बेडकासारख्या उभयचर प्राण्याच्या पेशीभोवतीच्या द्रवातून कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही काढून घेतले. आत येणंही थांबलं, बाहेर जाणंही थांबलं. पेशी उजेडाला प्रतिसाद देत होती, पण सावरत नव्हती, थोड्याशाच उजेडात तिची हद्द संपत होती. दोन्ही निबंध त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आले. त्याआधी 1970 च्या दशकात कॅल्शियमच वाहिन्या मिटवतं असा तर्क जोरात होता. 1985 मध्ये फेसेंको आणि सहकाऱ्यांनी वाहिन्या थेट सायक्लिक जीएमपीने उघडतात हे दाखवलं आणि तो तर्क मागे पडला. कॅल्शियमची जागा मग तीन वर्षांनी नीट कळली. प्रदर्शनात हा भाग जरूर सांगा, परीक्षकांना नुसत्या मॉडेलपेक्षा तो जास्त पटतो.

पायरी 5: आता उलट दिशा, एक डोळा झाकून

रात्री जेवण झाल्यावर एका डोळ्यावर काळ्या कापडाची चार पदरी पट्टी बांधा. दाबून नको, पण कडेने उजेड शिरता कामा नये. दुसऱ्या डोळ्याने अर्धा तास दिव्याखाली पांढऱ्या कागदावर वाचा. मग सगळे दिवे घालवा, किंवा लाइट जायची वाट बघा, आमच्याकडे फार वाट बघावी लागत नाही. पट्टी काढा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. झाकलेल्या डोळ्याला खाट, माठ, खुंटीवरचे कपडे दिसतात. दुसऱ्याला काळोख. या प्रयोगाच्या वेळी जागेवर बसूनच राहा, एका डोळ्याने अंधारात चालताना पायरीचा अंदाज चुकतो.

आंधळ्यासारख्या झालेल्या त्या डोळ्याची वेळ लिहून ठेवा. पहिल्या सात-दहा मिनिटांत शंकूपेशी सावरून थोडं दिसू लागतं, मग दंडपेशी हळूहळू पुढे सरसावतात. दिव्याऐवजी भर उन्हातून आलात तर पूर्ण तयारीला 30 ते 40 मिनिटं लागतात.

इतका उशीर का? उजेडाने सरळ झालेलं रेटिनल रोडॉप्सिनमधून सुटून जातं. दृष्टिपटलामागच्या रंगीत पेशींच्या थरात त्याला पुन्हा बाक दिला जातो, मग ते परत येऊन प्रथिनाला जोडलं जातं. ही फेरी सावकाशीची. रेटिनल म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच रूप, आणि या रसायनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना 1967 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

यात कॅल्शियमचाही एक धागा आहे. रेटिनल निघून गेलेलं रिकामं प्रथिन पूर्ण गप्प बसत नाही, साखळीला बारीक बारीक ढोसत राहतं. त्यामुळे खोलीत काळोख असूनही पेशीला उजेड असल्याचा भास होत राहतो आणि तिचं कॅल्शियम खालीच राहतं. रंगद्रव्य भरून आलं की मगच ते चढतं.

पायरी 6: रोजच्या कामात वापरा

सुरत-नागपूर महामार्गावर रात्री नवापूर, धुळे, जळगाव, मुक्ताईनगर असा प्रवास करताना समोरचा अप्पर मारत आला तर त्याच्या दिव्याकडे बघू नका, नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, वेग कमी करा आणि तो गेल्यावरही काही सेकंद तसाच ठेवा. तेवढ्यात डोळा सावरतो. दर वेळी बराच वेळ काहीच दिसत नसेल किंवा दिव्याभोवती किरणांचा पिसारा दिसत असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या. रात्री काळा गॉगल लावून गाडी चालवू नका, दुपारी मात्र लावा, आणि काच नुसती काळी आहे एवढ्यावर जाऊ नका, यूव्ही 400 लिहिलेलं बघा.

बंद गोदामात शिरायचं असेल तर गॉगल आत शिरताना काढा, आधी वाटेत नाही. उंबऱ्यावर थोडं थांबा. शिडी, विळे, मशीन असलेल्या जागी तर नक्कीच.

जळगावहून 60 किलोमीटरवर अजिंठा. बसमधून उतरून उन्हात डोळे ताणत चढायचं, लेण्यात दोन मिनिटं डोकवायचं आणि चित्रं काळवंडली आहेत म्हणत निघायचं, असं बरेच जण करतात. चढताना टोपी-गॉगल ठेवा. पहिल्या लेण्यात आधी खांबांपाशी आठ-दहा मिनिटं नुसते उभे राहा, मग पद्मपाणीच्या चित्राकडे वळा. फोनचा पडदा तेवढा वेळ खिशात.

तोरणमाळला किंवा पाटणादेवीला आकाश बघायला गेलात तर अर्धा तास लागणारच, त्यात कॅल्शियमही घाई करू शकत नाही. टॉर्चला लाल जिलेटीन लावा. गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे त्यांचं रंगद्रव्य शाबूत राहतं. (चाळीसगावच्या केकी मूस यांच्या पिढीतले छायाचित्रकार फोटो धुताना लाल दिवा लावत, कारण फोटोच्या कागदालाही लाल कळत नसे.) अंधुक ताऱ्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतात.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि डॉक्टर

हे सगळं सांगितलं की कुणीतरी विचारतंच, मग दूध वाढवू का, गोळ्या घेऊ का? हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या, डोळा त्याने लवकर सावरणार नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर दर 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्येच धरून ठेवतं आणि पेशीच्या आतली पातळी वाहिन्या व पंप ठरवतात, ताट नाही.

अ जीवनसत्त्वाचं तसं नाही. ते खरोखर कमी पडतं आणि रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, पपई, गाजर, अंडी, दूध पोटात जाऊ द्या, पालेभाजीला थोडं तेल असू द्या. सरकारी कार्यक्रमात बाळाला 9 व्या महिन्यात 1 लाख युनिटचा पहिला डोस आणि नंतर 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी 2 लाख युनिटचा डोस मिळतो, तो चुकवू नका. मात्र मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, गरोदर बाईने तर मुळीच नाही.

दिवसा उजेड सहन न होणं, रंग फिके वाटणं आणि नजर हळूहळू उतरणं असं एकत्र दिसलं तर शंकूपेशींचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यातला एक प्रकार थेट आपल्या विषयातला आहे. जीकॅपच्या जनुकात बिघाड असतो, कॅल्शियम भरपूर असतानाही ते सायक्लेजला दाबत नाही, आणि सतत चढलेल्या सायक्लिक जीएमपी-कॅल्शियमने शंकूपेशी मरत जातात. 1998 मध्ये हा दोष पहिल्यांदा एका कुटुंबात सापडला. उलट संध्याकाळ झाली की ठेचकाळणारं, बाजूचं न दिसणारं मूल असेल, विशेषतः आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, तर अ जीवनसत्त्वाचा डोस देऊन थांबू नका, दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाला दाखवा. पाचव्या पायरीतली पट्टी त्याला बांधायची गरज नाही. दिवे घालवल्यावर आईला किती मिनिटांनी दिसू लागलं आणि मुलाला किती, एवढं एका कागदावर लिहून सोबत न्या.